जेजे की जहांगीर?

भाचीने चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली आणि विचारलं, "मावशी, एकच रविवार मिळतोय. जेजे स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन बघू की जहांगीर आर्ट गॅलरी?"

खर्चाचा प्रश्नच नाही. जहांगीरला तिकीट नसतं, जेजेलाही मी कधी काढलेलं नाही. पोचायला जेजे सोपं, सीएसएमटीहून चालत जाता येतं.

खरा फरक चित्रांत आहे. काळा घोड्याचं जहांगीर १९५२ पासूनचं. तिथे चित्र पूर्ण होऊन, फ्रेम लावून येतं आणि दालनात बहुधा चित्रकार स्वतः बसलेला असतो. बेधडक विचारावं, मनापासून बोलतात. १८५७च्या जेजेत मात्र शिकणारा हात दिसतो. मागे एका व्यक्तिचित्रात कानाजवळ कोळशाची जुनी रेघ रंगाखालून डोकावत होती. डोकं आधी जरा डावीकडे होतं, मग सरकवलेलं. मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

अडचण एकच, हे प्रदर्शन वर्षातून थोडेच दिवस असतं. तारीख आधी विचारून घ्यावी. जहांगीरमध्ये वर्षभर काही ना काही लागलेलं असतं.

चित्रकलेला प्रवेश घ्यायचा विचार असेल तर जेजेच. पाहुण्यांना फिरवायचं किंवा घरासाठी चित्र घ्यायचं असेल तर जहांगीर. भाचीला मी जेजेला नेतेय.