शुअर एसएम५७: घरच्या रॉक गिटार रेकॉर्डिंगसाठी

१९६५ पासून बाजारात असलेला हा डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा) माइक. फ्रिक्वेन्सीचा पल्ला ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ एवढाच, पण ५-६ किलोहर्ट्झच्या आसपासचा उठाव लीड गिटारची (मुख्य धून वाजवणाऱ्या गिटारची) धून ड्रमच्या गलक्यातून वर काढतो. गाणारं कुणी नसताना, म्हणजे गाण्याची जागा गिटारच घेते तेव्हा, नेमकं हेच हवं असतं.

जागा मात्र शोधावी लागते. अँपच्या (गिटारच्या अँप्लिफायरच्या) जाळीपासून २-३ सेंटिमीटरवर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेसमोर ठेवून सुरुवात करा. अगदी मध्यावर आवाज कर्कश येतो, बाहेर सरकवला की मऊ होतो. सेंटिमीटरभरानेही फरक पडतो. म्हणून आधी माइक हलवा, इक्यू (उंच-खालच्या सुरांचं प्रमाण बदलणं) नंतर. इतक्या जवळून खालचे सूर फुगतात. मिक्समध्ये ८०-१०० हर्ट्झखालचं कापलं की बास गिटारला जागा मिळते. ऱ्हिदम (साथीची गिटार) दोनदा वाजवून एक टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) डावीकडे, एक उजवीकडे टाका; एकच टेक कॉपी केला तर रुंदी येत नाही, नुसता आवाज वाढतो.

फँटम पॉवर (काही माइकना केबलमधून द्यावी लागणारी वीज) लागत नाही. एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) केबल आणि स्टँड वेगळे घ्यावे लागतात. नकली माल भरपूर फिरतो, अधिकृत विक्रेताच गाठा. आणि फ्लॅटमध्ये अँप मोकळेपणी वाजवता येत नसेल तर हा माइक घेऊच नका. ते पैसे इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) आणि अँप सिम्युलेटरवर (अँपच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअर किंवा यंत्रावर) घाला.