नंदलालबाबूंच्या चित्रांसह संविधान : प्रतिकृती घेतली, त्याबद्दल

एकोणतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. कलम ३५२, ३५६, ३६० मुलांकडून घोकून घेतली. पण आणीबाणीच्या त्या अठराव्या भागावर मूळ प्रतीत कुठलं चित्र आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. हिंसेने होरपळलेल्या बंगालमधल्या नोआखालीत फिरणारे गांधीजी! शासनाच्या हाती सगळ्यात जास्त ताकद जिथे येते, त्या पानावर हाती काहीच सत्ता नसलेला माणूस. मी बराच वेळ पान उलटलंच नाही.

मुलाने मागवून दिलेली ही प्रत १९५० च्या हस्तलिखिताची छापील प्रतिकृती आहे. इंग्रजी अक्षर प्रेम बिहारी नारायण रायजादांचं. चित्रं नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनातल्या सहकाऱ्यांची. ज्या नऊ चित्रकारांचं काम राष्ट्रीय ठेवा म्हणून देशाबाहेर विकायला नेता येत नाही, त्यांतले नंदलालबाबू एक.

पहिल्यांदा चाळताना मोहेंजोदडोचा बैल, बुद्ध, महावीर, अकबर असा इतिहासाचा पट वाटतो. मग चित्र आणि त्याखालचा कायदा जोडीने वाचायला लागलं की थांबावंच लागतं. मूलभूत हक्कांवर वनवास संपवून परतणारे राम, सीता, लक्ष्मण. निवडणुकांच्या पंधराव्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग. शेवटी माणसं संपतात आणि हिमालय, वाळवंट, समुद्र उरतात. सातव्या भागावर धम्माचा प्रसार करणारा अशोक आहे. तो भागच १९५६ मध्ये रद्द झाला, आजच्या पुस्तकात तिथे नुसती तशी नोंद असते. इथे अशोक जागेवर आहे. ही जुळणी नेमकी कशी ठरली असेल, यावर मी आणि माझी जुनी सहशिक्षिका दोन संध्याकाळी बोलत होतो.

आता प्रतीबद्दल. कागद जाड, रेषा स्वच्छ. सोनेरी रंग मात्र पिवळट उतरलाय, आणि बांधणी इतकी घट्ट की पान सपाट उघडत नाही; कडेची नक्षी घडीत जाते. चित्रांची माहिती देणारं चार पानी मराठी पत्रक सोबत असायलाच हवं होतं. नाहीतर शाळेच्या ग्रंथालयात ही प्रत काचेच्या कपाटातच राहील.

तरीही घ्या. माझ्या प्रतीत अठराव्या भागात लाल दोरा घातलाय. जुने विद्यार्थी भेटायला आले की चहाआधी तेच पान उघडते.