रत्नागिरीतलं सर्बियन वळणाचं बास्केटबॉल शिबिर: पाय पक्के होतात, चेंडू मात्र घरून न्या

मे महिन्यात १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी भरणाऱ्या या शिबिराच्या पत्रकावर सर्बियन प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच यांचा फोटो आहे, आणि तो नुसता शोभेचा नाही. याच पेशिच यांनी १९८७ साली इटलीतल्या बोर्मिओत युगोस्लाव्हियाच्या ज्युनिअर संघाला जगज्जेतं केलं. पुढे गाजलेले व्लादे दिवाच, दिनो राजा, टोनी कुकोच त्याच संघातले. पुढे १९९३ ला जर्मनीला युरोपचं विजेतेपद, २००२ ला युगोस्लाव्हियाला विश्वविजेतेपद, २०२४ ला सर्बियाला ऑलिंपिक कांस्य. कुकोच सात फुटांच्या जवळपास, तरी चेंडू गार्डसारखा, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणाऱ्या खेळाडूसारखा, खेळवायचा. इथेही उंच पोराला रिंगखाली खांबासारखं उभं करत नाहीत, त्यालाही चेंडू पुढे आणायला लावतात. आपल्याकडे हे दुर्मीळच!

सगळ्यात चांगला भाग म्हणजे ड्रिबलशिवायचा, म्हणजे चेंडू जमिनीवर न आपटता खेळायचा, तीन विरुद्ध तीन. अर्धं कोर्ट, पास दिला की लगेच कट मारायचा म्हणजे रिंगकडे धाव घ्यायची, पाच सेकंद चेंडू हातात राहिला तर तो समोरच्यांचा. चेंडू मिळताच मान खाली घालून पळत सुटणाऱ्यांना मान वर करावीच लागते. त्याआधी रोज जंप स्टॉप: दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे वाकलेले. असं थांबलं की कुठलाही पाय पिव्हट करता येतो, म्हणजे तो जागीच रोवून अंग फिरवता येतं. तो पाय चेंडू सोडण्याआधीच उचलून ड्रिबल सुरू केला की ट्रॅव्हल, म्हणजे पावलांची चूक, आणि चेंडू समोरच्यांना. शालेय सामन्यांत निम्मे चेंडू असेच जात असावेत.

घोडं पेंड खातं ते सामानापाशी. सगळ्यांना ७ नंबरचा, म्हणजे मोठ्या पुरुषांचा, चेंडू आणि ३.०५ मीटरची रिंग. मिनी बास्केटबॉलला, म्हणजे लहान मुलांच्या खेळाला, ५ नंबर आणि २.६० मीटर लागते. सहाशे ग्रॅमचा चेंडू तिथवर पोचवायला लहान मुलं कमरेपासून झोका देतात, कोपर बाहेर जातं आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही. बारा वर्षांच्या आतल्यांना घरून ५ नंबरचा रबरी चेंडू द्या. चामड्याचा नको, सिमेंटवर त्याची साल निघते.

दाराशी ओलं पोतं टाकलंय, त्यावर बुटांचे तळवे पुसूनच कोर्टवर पाठवा. तांबड्या धुळीवर जंप स्टॉप म्हणजे घसरगुंडी. समुद्राकडच्या रिंगमागच्या बोर्डाचे नट खाऱ्या हवेने गंजून सैल झालेत, बोर्डाला लागलेला चेंडू तिथेच मरतो. ले-अप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून टाकायचे चेंडू, दुसऱ्या रिंगवर घ्यायला सांगा. बॅच सकाळचीच घ्या, संध्याकाळी घामाने चेंडू हातात ठरत नाही.