डेटयुटिल: सोयाबीनचा हंगाम काढल्यानंतर

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तारखा वाचायच्या म्हटलं की जो तो डेटयुटिल या तयार लायब्ररीचं नाव सांगतो. लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीच्या हिशेबासाठी मीही हंगामाच्या तोंडावर तेच बसवलं. त्यात काय काय मिळतं ते सांगत बसत नाही, ज्याने डोकं फिरवलं तिथेच येतो. त्याचा पार्सर, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून तारीख ओळखणारा भाग, ०५/१०/२०२४ ही तारीख १० मे म्हणून वाचतो.

महिना आधी लिहायची रीत अमेरिकेची. सगळ्याच तारखा तशा वाचल्या असत्या तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. पण १३/१०/२०२४ दिली की तेरावा महिना नसतो हे ओळखून हाच पार्सर दिवस आणि महिना गुपचूप बदलतो आणि बरोबर १३ ऑक्टोबर देतो. म्हणजे एकाच यादीत १३ पासून पुढच्या तारखा सरळ, आणि १ ते १२ मधल्या उलट्या. इशारा नाही, लाल अक्षर नाही. यादी वरवर चाळणाऱ्याला काय कळणार?

आडतीत तारीख म्हणजे पैसा. उचल दिली त्या दिवसापासून व्याज सुरू होतं. दसऱ्याच्या आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला घेतलेली उचल हिशेबात अक्षय तृतीयेला गेली आणि १४८ दिवसांचं व्याज जादा लागलं. पट्टी हातात पडल्यावर शेतकऱ्याने विचारलं, "मुनीमजी, उन्हाळ्यात मी तुमच्या दुकानाची पायरी तरी चढलो होतो का?" त्याला तारीख पाठ होती. बाकीच्यांच्या पट्ट्या आम्ही कच्च्या वहीशी एकेक करून ताडल्या. सोयाबीनचा भाव आधीच पडलेला, त्यात शेतकऱ्याच्या खिशातून असा पैसा जाणं मला सहन होत नाही.

डेफर्स्ट, म्हणजे दिवस आधी धरायची सोय, चालू करा, प्रश्न मिटेल, असा सल्ला मिळतो. निम्माच मिटतो. ते लावलं तरी पार्सर अडून बसत नाही. वजनकाट्यावरचा संगणक अमेरिकी मांडणीवर असेल तर त्याची १०/१३/२०२४ बिनतक्रार १३ ऑक्टोबर होते, आणि त्याच फाइलमधली १०/०५/२०२४ मात्र १० मे. शिवाय वर्ष न लिहिता नुसती २८ डिसेंबर दिली की चालू वर्ष स्वतःहून जोडलं जातं. जानेवारीत मागची नोंद भरताना ती अकरा महिने पुढे जाऊन पडते.

इथवर लिहिलं तेव्हा एकच तारा द्यायचा असं ठरवलं होतं. पण याच लायब्ररीतलं रिलेटिव्हडेल्टा, म्हणजे तारखेत महिने-वर्षं मिळवायचं साधन, मी रोज वापरतो आणि त्याने एकदाही दगा दिलेला नाही. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की २०२४ साली २९ फेब्रुवारी, २०२५ साली २८. मोंढ्यातलं व्याज शेकडा, महिन्यावर चालतं, आणि कालावधी मोजणाऱ्या पायथनच्या स्वतःच्या टाइमडेल्टाला महिना हा प्रकारच माहीत नाही. हे काम हाताने लिहायला बसलो असतो तर हंगाम त्यातच गेला असता. तेव्हा तीन तारे.

तारीख वाचायला आता पायथनचं स्वतःचं साधं फंक्शन, स्ट्रपटाइम, लावलंय. साचा आपण सांगायचा: दिवस, महिना, चार आकडी वर्ष. साच्यात बसलं नाही की ते तिथेच थांबतं. एकच जपा: साच्यात महिन्यासाठी लिहायचा इंग्रजी एम लहान लिपीतला. मोठा एम मिनिटाचा असतो, तो पडला की १० हा आकडा मिनिटात जातो आणि ऑक्टोबरची नोंद मुकाट जानेवारीत बसते. साठवताना वर्ष आधी, २०२४-१०-०५ अशीच.

पांडास ही तक्ते हाताळायची पायथन लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी: एप्रिल २०२३ मधल्या २.० आवृत्तीपासून ते पहिल्या तारखेवरून साचा ओळखतं आणि तोच सगळ्या रकान्याला लावतं, न जुळल्यास थांबतं. हे चांगलं झालं. तरी महिन्याच्या पहिल्या आठवड्याची फाइल असेल तर त्यात १२ च्या वरचा आकडाच नसतो, मग उलटं वाचूनही ते थांबत नाही. अशा फाइलला साचा स्वतः लिहून द्या.