साबण, जड पाणी आणि आठवीचं ‘चलन’: गणित-विज्ञान शिक्षकांच्या पाच दिवसांच्या कार्यशाळेविषयी

दर्यापूर-मूर्तिजापूर पट्ट्यातल्या सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी एका संस्थेने घेतलेली ही कार्यशाळा इतर केंद्रांनीही मागवावी अशी आहे. फक्त वेळापत्रक बदलून मागवावी. पहिले तीन दिवस उत्तम जातात, चौथ्या दिवशी घाई होते आणि त्या घाईत गणिताचा बळी जातो.

पहिले दोन दिवस शिक्षक स्वतः प्रयोग करतात, भाषण जवळजवळ नाहीच. मुलांना द्यायचा प्रयोग गुरुजींनी आधी स्वतः करून फसवलेला असावा, ही रीत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने १९७२पासून मध्य प्रदेशात रुजवली. इथे ती मनापासून पाळलेली दिसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चौघाचौघांच्या गटाने आठ तासिकांचा घटक लिहायचा. पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या शाळेत त्यातली एक तासिका खऱ्या मुलांसमोर घ्यायची आणि दुपारी ती दुरुस्त करायची. ही दुपारची दुरुस्ती फार मोलाची आहे.

सगळ्यात भरीव काम ‘गावातल्या कोणत्या पाण्याला साबण कमी लागतो?’ या घटकावर झालं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. नळाचं, बोअरचं आणि शेततळ्याचं पाणी वेगळं वागतं हे घरोघरी ठाऊक आहे. मुलांना विचारलं की उत्तर तयार असतं, ‘पाणी खारं हाये म्हणून फेस येत नाही.’ घटक या उत्तरापासूनच सुरू होतो, कारण ते अर्धवट आहे. पाणी खारट लागतं ते मुख्यतः सोडियमच्या क्षारांमुळे, आणि साबणाचा चोथा होतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे; यालाच पाण्याचा जडपणा (दुष्फेनता) म्हणायचं. आपल्या बोअरमध्ये बहुधा दोन्ही एकत्र असतात, म्हणून गल्लत होते. बॅटरीच्या पाण्याचे (बॅटरीत भरायला मिळणारं, क्षार काढलेलं पाणी) दोन नमुने घेऊन एकात चिमूटभर मीठ आणि दुसऱ्यात चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट घातलं, की फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. मॅग्नेशियम सल्फेट शोधायला जिल्ह्याला जायची गरज नाही. पऱ्हाटीवरच्या (कपाशीवरच्या) लाल्या रोगासाठी फवारतात तेच, कृषी केंद्रात मिळतं.

कृती अशी. २०० मिली बॅटरीच्या पाण्यात २ ग्रॅम साबणाचा कीस कोमट करून विरघळवायचा. झाकणाच्या औषधाच्या बाटलीत १० मिली नमुना घ्यायचा. सिरिंजने ०.२ मिली साबणपाणी टाकायचं, दहा वेळा हलवायचं, फेस ३० सेकंद टिकतो का पाहायचं. नाही टिकला तर आणखी ०.२. टिकला की एकूण किती लागलं ते लिहायचं.

फसतं कुठे, हे साधनव्यक्तींनी आधी सांगितलं नाही, घडू दिलं. एका गटाच्या हाती कपडे धुण्याची वडी आली आणि सगळ्या नमुन्यांना सारखाच फेस आला. वडी डिटर्जंटची होती, डिटर्जंट कॅल्शियमला दाद देत नाही. वेष्टनावर टीएफएम (साबणातल्या स्निग्धांशाचं प्रमाण) लिहिलेला आंघोळीचा साबणच घ्यावा. दुसऱ्या गटाने साबण बोअरच्याच पाण्यात विरघळवला, म्हणजे अर्धा साबण मोजणीआधीच फाटला. तिसऱ्याने पाणी उकळून पुन्हा तपासलं, पण आटलेलं पाणी बॅटरीच्या पाण्याने भरून काढलं नाही आणि तळाचा पांढरा गाळही नमुन्यात येऊ दिला. उकळल्याने जडपणा किती उतरला हे मग कळणार कसं? या तीन चुकांवर झालेली चर्चा कुठल्याही व्याख्यानापेक्षा उपयोगाची ठरली.

आता गणित. त्यासाठी जडपणा ठाऊक असलेलं पाणी आधी स्वतः बनवायचं. १ ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ ग्रॅम मोजू नये. १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घेऊन एक लिटर द्रावण करावं, त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा लिटर करावं. या पाण्याचा जडपणा सुमारे ४०० मिलीग्रॅम प्रतिलिटर येतो. माल खताच्या दर्जाचा, त्यामुळे आकडा ढोबळ. ते निम्मं पातळ केलं की २००. (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकारार्ह आणि ६०० ही कमाल मर्यादा आहे, त्यामुळे हे आकडे मुलांच्या रोजच्या पाण्याशी जोडता येतात.) समजा, कोऱ्या, म्हणजे काहीही न घातलेल्या, बॅटरीच्या पाण्याला ०.२ मिली साबणपाणी लागलं, २०० च्या पाण्याला १.४ आणि ४०० च्या पाण्याला २.६. आकडे साबणागणिक बदलतील, घडण हीच राहते. जडपणा दुप्पट झाला, साबण मात्र दुप्पट झाला नाही. आलेख सरळ रेषेत आहे, पण आरंभबिंदूतून जात नाही. प्रत्येक आकड्यातून कोऱ्या पाण्याचे ०.२ वजा करा, १.२ आणि २.४ उरतात, आणि आता आठवीच्या पुस्तकातल्या ‘चलन’ धड्यातलं समचलन (एक राशी दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट) समोर उभं राहतं. ‘सरळ रेषा म्हणजे समचलन’ हा पक्का बसलेला गैरसमज मोडायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

आणि नेमकी हीच जागा कार्यशाळेने वाया घालवली. चौथ्या दिवशी दुपारी आलेखासाठी चाळीस मिनिटं उरली होती. बहुतेक गटांनी रेषा ओढूनताणून शून्यातून नेली आणि तसाच घटक लिहून दिला. ‘साबण किती लागेल याचा अंदाज आधी लिहा’ हा प्रश्नही बऱ्याच घटकांतून गळला. अंदाज नसेल तर मूल नुसतं सांगितलेलं मोजत बसतं, शोध घेत नाही. विज्ञानाला तीन दिवस आणि गणिताला उरलेला वेळ, ही वाटणी ‘गणित-विज्ञान’ असं नाव लावणाऱ्या कार्यशाळेला शोभत नाही.

घटकाचा नमुना-आराखडा चांगला आहे, पण तो एकाच वर्गाला एक शिक्षक असं धरून केलेला. दोन शिक्षकांवर सहावी, सातवी, आठवी चालवणाऱ्या शाळेत ३५ मिनिटांच्या तासिकेतली दहा मिनिटं बाटल्या मांडण्यातच जातात. अशा शाळांनी दोन तासिका जोडून घ्याव्यात. सातवीने नमुने मोजावेत आणि आठवीने त्याच आकड्यांचा आलेख काढावा. हा मार्ग एका गटाने स्वतःच शोधला, आराखड्यात तो यायला हवा.

साहित्याची पेटी नेटकी: सिरिंजा, बाटल्या, मोजपात्र, आलेखकागद, काटा. जेवण, बसायची सोय ठीक.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची संधी द्यावी असं म्हणतं. रोज सहा तास धरले तर इथे ३० होतात. उरलेल्यांतले सहा तास याच संस्थेकडून दीड-दोन महिन्यांनी मागून घ्यावेत. शिक्षकांनी त्या दिवशी मुलांच्या वह्या घेऊन यावं, आणि तो दिवस पूर्ण आलेखांचा असावा. तारीख ठरवताना कापसाच्या वेचणीचे दिवस टाळा, पाचव्या दिवसाच्या तासिकेला निम्मा वर्ग वावरात असतो. बॅटरीचं पाणी सांगितल्यापेक्षा जास्त मागवा. इथे आणलेले पाच लिटर दुसऱ्या दिवशी दुपारीच संपले, आणि पुढचे गट कोरा नमुना म्हणून फिल्टरचं पाणी वापरत बसले.