उद्योजकता प्रशिक्षण: आठ महिन्यांनंतर काय उरलं

शेवटच्या दिवशी फीडबॅक फॉर्म हातात आला तेव्हा मी सगळीकडे 'उत्कृष्ट'वर टिक करून मोकळी झाले. सर्टिफिकेट मिळालंय, ग्रुप फोटोसाठी हाका चालल्यात, अशा वेळी कोण वाकडं लिहितं! आज तो फॉर्म परत मिळाला तर निम्म्या टिका खोडेन.

माझं पिशव्या शिवायचं काम कोर्सच्या आधीपासून चालू होतं. सहा आठवडे खपून केलेला बिझनेस प्लॅन फाइलमध्ये तसाच पडून आहे. कीर्द-खतावणी 11 दिवस लिहिली, मग वहीवर कापडाची मापं लिहायला लागले. टिकला तो मधल्या सुट्टीत एका शिक्षिकेने जाता जाता सांगितलेला नियम: घरचा आणि धंद्याचा पैसा दोन डब्यांत ठेवा, धंद्यातून घरासाठी उचललात तर चिठ्ठी टाका. पहिल्या महिनाअखेरीस डबा उघडला तर माझ्याच अक्षरातल्या 17 चिठ्ठ्या! धंद्यात पैसा उरत नाही म्हणून मी इतके दिवस गिऱ्हाइकांच्या उधारीला बोल लावत होते.

हे माझ्यापुरतंच नाही, असं नंतर वाचनात आलं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या छोट्या व्यावसायिकांवरच्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रीतसर हिशेबशास्त्रापेक्षा असे ढोबळ नियमच जास्त कामी आले. टोगो या आफ्रिकी देशातल्या 1500 व्यावसायिकांवरच्या 2017च्या अभ्यासात पुढाकार घ्यायला शिकवणाऱ्या कोर्सने नफा सरासरी 30 टक्के वाढला. नेहमीच्या व्यवसाय-प्रशिक्षणाने 11 टक्के, आणि तोही योगायोग नाही असं खात्रीने म्हणता येईना. आमच्या कोर्समध्ये पुढाकारावर एक दुपार होती, तीही पाहुण्यांच्या भाषणात गेली.

माझी विक्री वाढली, हे खरं. पण माझ्याबरोबर अर्ज करून जिचा नंबर लागला नाही, त्या मैत्रिणीच्या ऑर्डरीही याच काळात वाढल्या. एकीवरून काही सिद्ध होत नाही, तरी श्रेय कोर्सला द्यायला जीभ अडखळते.

सहाव्या महिन्यात आयोजकांचा फोन आला. "व्यवसाय चालू आहे ना?" मी हो म्हटलं. "छान, यशस्वी लिहिते." कधीपासून चालू आहे, हे विचारलंच नाही. बॅचमधल्या दोघींनी काम बंद केलं होतं. त्यांनी तो फोन उचललाच नाही.