रेता वोर्तारो: मगरीचं क्रियापद असलेला शब्दकोश

एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली भाषा शिकायला लागून चारेक महिने झाले होते. ऑनलाइन गप्पांच्या गटात मी आणि माझी मैत्रीण बोलता बोलता मराठीवर आलो, तर कुणीतरी लगेच म्हणालं, "ने क्रोकोदिलू!" मी प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे 'क्रोकोदीलो' म्हणजे मगर हे न सांगता कळलं. पण 'मगरू नका' म्हणजे काय करू नका?

त्याच रात्री 'रेता वोर्तारो' उघडला. 1997 पासून स्वयंसेवक वाढवत आलेला हा मोफत ऑनलाइन शब्दकोश. यात मूळ एकच, आणि त्यातून निघालेले सगळे शब्द एकाच पानावर. वर प्राणी, लॅटिन शास्त्रीय नावासकट. त्याच पानावर खाली 'क्रोकोदीली': एस्पेरांतो बोलणाऱ्यांत बसून आपल्या भाषेत बोलणं. शास्त्राचा शब्द आणि गप्पांमधला शब्द असे शेजारी बसवलेले पाहून मला फार आनंद झाला. बोलीतला अर्थ कमी प्रतीचा, असं इथे कुणी मानलेलं नाही.

हे जमतं ते भाषेच्या घडणीमुळे. 1887 मध्ये झामेनहोफ यांनी ती मांडली तेव्हाच ठरलं होतं: शेवटी 'ओ' आला की नाम, 'ई' आला की क्रियापदाचं मूळ रूप. बाकीचं बोलणाऱ्यांनी केलं. एस्पेरांतो सोडून, दोघांचीही मातृभाषा नसलेल्या तिसऱ्याच भाषेत बोललात तर 'कायमानी', कारण केमन हा मगरीचाच नातलग. जिथे दुसरी भाषा शोभली असती तिथे एस्पेरांतोच रेटलीत तर 'गाविआली', म्हणजे आपली सुसर! मराठीत मगरमिठी आहे, नक्राश्रू आहेत, पण मगरीला क्रियापद नाही, याची तेव्हा पहिल्यांदा चुटपुट लागली.

नवशिक्यांनी एक लक्षात ठेवावं. व्याख्या एस्पेरांतोतच आहेत, त्यामुळे एका शब्दासाठी आणखी तीन शोधावे लागतात. खाली बऱ्याच भाषांतले प्रतिशब्द दिलेले असतात. सुरुवातीला मी त्यांचा आधार घेतला. उदाहरणवाक्यं मात्र वगळू नका. शब्द कुठे शोभतो हे व्याख्येपेक्षा तिथे जास्त कळतं.

परवा मैत्रिणीचा संदेश आला: "रात्री फोन कर गं, दहा मिनिटं क्रोकोदिलायचंय."